नाणे एक, मतपेट्या अनेक

ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ रोजी झालेल्या सार्वमताकडे आपल्याकडील बहुतेकांनी एका लहान देशाने बड्या सावकारांना दिलेला बाणेदार नकार म्हणून पाहिले. ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी फेटाळल्या. आणि आठच दिवसांनी, रात्रभर चाललेल्या ब्रुसेल्समधील बैठकीनंतर, पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांनी त्याहून कठोर अटींवर मान डोलावली. चलनसंघाने लोकशाहीचा गळा घोटला, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. तो मला अपुरा वाटतो.

सार्वमताची घोषणा होताच युरोपीय मध्यवर्ती बँकेने २८ जून रोजी ग्रीक बँकांना मिळणाऱ्या आपत्कालीन रोकड साहाय्यात वाढ करण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून बँका बंद झाल्या आणि खातेदाराला दिवसाकाठी ६० युरोच काढता येऊ लागले. सरकारपाशी पोलीस होते, लष्कर होते, नुकताच मिळालेला जनादेश होता. नोटा मात्र नव्हत्या. ड्राख्मा हे चलन ग्रीसने २००१ मध्येच सोडले होते. स्वतःच्या चलनाचे अवमूल्यन करून निर्यात सावरण्याचा जुना मार्ग बंद झाल्यावर उरतात ती मजुरी व निवृत्तिवेतने. घट तिथेच होणार, आणि ती सोसणारा माणूस मतदार असणार.

हे सारे खरे असले, तरी त्या नकाराच्या पलीकडच्या बाजूलाही मतदारच उभे होते. स्लोव्हाकिया २००९ मध्ये युरोत आला. तेथील सामान्य पगार व निवृत्तिवेतन ग्रीसपेक्षा कमी; तरीही बचाव निधीत वाटा उचलण्याची पाळी त्याच्यावर आली. गरिबाने आपल्याहून सधन शेजाऱ्याचे कर्ज का फेडावे, हा त्यांचा प्रश्न उर्मट नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या निधीच्या विस्ताराच्या ठरावावर इव्हेता रादिचोव्हा यांचे सरकार संसदेत कोसळले. विरोधकांनी मुदतपूर्व निवडणुकीचे आश्वासन पदरात पाडून घेतले, तेव्हाच दोन दिवसांनी ठराव मंजूर झाला. त्याच्या पुढच्याच महिन्यात ग्रीसचे पंतप्रधान जॉर्ज पापांद्रेऊ यांनाही पायउतार व्हावे लागले. एका नाण्याने दोन राजधान्यांतील सरकारे घालवली, एक कर्ज घेणाऱ्याचे आणि दुसरे देणाऱ्याचे. २०१५ मध्ये युरोचे १९ सदस्य होते. ग्रीक मतदाराचा ‘नाही’ प्रामाणिक होता. पण तो जे मागत होता, ते उरलेल्या १८ देशांच्या करदात्यांच्या खिशात होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. शिवाय त्याच मतदारांना युरो सोडायचा नव्हता. सप्टेंबरमध्ये त्यांनी त्सिप्रास यांनाच पुन्हा निवडून दिले, ही गोष्ट आपले टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

सामाईक नाण्यामागे सामाईक खजिना नसेल तर असेच होणार. करोनाकाळात २०२० मध्ये युरोपने ७५० अब्ज युरोंच्या संयुक्त कर्जाचे पाऊल उचलले खरे, पण तेही अपवाद म्हणून.

आपला रुपयाही एका अर्थी २८ राज्यांचे सामाईक चलनच आहे. केरळला आपल्यापुरते अवमूल्यन करता येत नाही, व्याजदर ठरवता येत नाही. फरक असा की केंद्राच्या विभाज्य करनिधीतील ४१ टक्के राज्यांकडे जातात, हात आखडला तर रिझर्व्ह बँक तात्पुरती उचल देते, आणि तिरुवनंतपुरमचे दिल्लीशी कितीही बिनसले तरी तेथील बँकांना टाळे लागत नाही. हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे मोल जाणवत नाही.

कुरबुर मात्र तीच आहे. उपकर आणि अधिभार विभाज्य निधीत येत नाहीत. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि ठरावाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून तेथे पानही हलत नाही. कर्जमर्यादेचा वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी घटनेच्या कलम २९३ नुसार केंद्राची संमती लागते. पायाभूत सुविधांसाठी राज्याच्या मंडळाने उभारलेली कर्जे या मर्यादेत मोजण्याला हरकत घेऊन केरळने डिसेंबर २०२३ मध्ये दावा दाखल केला. केंद्राचे म्हणणे मला सर्वस्वी अमान्य नाही. एका राज्याची बेफिकिरी अखेर सगळ्यांच्या व्याजदरात उतरते, हे ग्रीसने दाखवलेच आहे. आक्षेप रीतीला आहे. ज्या मर्यादेवर राज्याचा अर्थसंकल्प उभा राहतो, ती अर्थ मंत्रालय पत्राने कळवते. आणि अशा वादांसाठी घटनेनेच सुचवलेल्या आंतरराज्य परिषदेची जुलै २०१६ नंतर कित्येक वर्षे बैठकच झाली नाही.

न्यायालयाने १ एप्रिल २०२४ रोजी केरळला अंतरिम दिलासा नाकारला, पण कलम २९३ चा अधिकृत अर्थ आजवर लावलाच गेलेला नाही, असे नोंदवून तो प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला. निकाल कोणत्याही बाजूने लागो, राज्याचे कर्ज कशाला म्हणायचे, हे त्या पीठाला प्रथम ठरवावे लागेल.