मध्यंतराचा आकडा

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. जेवणं उरकली होती. टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू होता. मध्यंतर झालं आणि भाच्याने मोबाइल बाजूला टाकून डोक्याला हात लावला.

"अरे, अजून अर्धा खेळ बाकी आहे!" मी म्हटलं.

"मामा, माझा सामना संपला."

त्याने पैसे लावले होते, पण सामना कोण जिंकणार यावर नव्हे, तर मध्यंतराला कोण पुढे असेल यावर! मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला असलेली केंद्रीय कायद्याची आडकाठी दूर केली. तो खटला न्यू जर्सीनेच लढवला होता. आता तिथे घरबसल्या, फोनवरून, राजरोस सट्टा खेळता येतो.

"बलवान संघ ओळखायचा, झालं," भाचा म्हणाला.

आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, मला राहवेना. कागद घेतला. एका बाजूला किंचित झुकणारं नाणं दहा वेळा उडवलं तर ते सहज चकवतं. शंभर वेळा उडवलं, की त्याचा कल दिसू लागतो. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, मध्यंतर २४ मिनिटांनी. म्हणजे बलवान संघाचं बळ दिसायला निम्माच वेळ, आणि नशिबाचा वाटा मोठा. कुणाचे दोन-तीन लांबचे नेम लागले, मुख्य खेळाडू फाउल्समुळे बाकावर बसला, की अंदाज कोसळला. २००८ च्या अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात मध्यंतराला लेकर्स ५८-४० असे पुढे होते. सामना मात्र बोस्टनने ९७-९१ असा जिंकला. मध्यंतर एक सांगतं, शेवट दुसरंच.

शिवाय बुकी काही खुळा नसतो. बलवान संघाला तो हिशेबात आधीच काही गुण मागे ठेवतो, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. वर १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. अशा शंभर पैजांपैकी पन्नास जिंकल्या तरी ५०० डॉलर खिशातून जातात. नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरात ५२ हून अधिक वेळा बरोबर ठरावं लागतं.

लिहिता लिहिता मला लालबागची चाळ आठवली. गिरणीतून सुटलेले काका आधी 'ओपन'चा आकडा विचारायचे, मग 'क्लोज'साठी जागायचे. काकूचा तांब्याचा हंडा असाच एकदा मोडीत गेला. गंमत अशी, की मटक्याचं मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातच! तिथले उघडते आणि बंद होते भाव मुंबईत येत आणि त्यावर आकडे लागत. तो आकडा आता समुद्रापलीकडे, माझ्याच भाच्याच्या हातात दिसला.

"सूनबाईला ठाऊक आहे?" मी विचारलं. तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "घराच्या हप्त्यातले गेलेत, मामा."

मी उपदेश केला नाही. काकांना उपदेश करणारे थोडे का होते? हंड्याची गोष्ट तेवढी सांगितली, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

सकाळी उठून पाहतो तो स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसलेली. चहा निवून गेला होता. मधे तोच कागद होता, आणि माझ्या आकड्यांखाली आता सूनबाईच्या अक्षरात खरा हिशेब सुरू झाला होता.