पिलांचें पोट आणि चुनखडीची भुकटी

गेल्या आषाढांत मलकापुरांतील आमच्या एका शेजाऱ्याच्या अकरा पिलांपैकीं चार आठ दिवसांत मेलीं. पांढऱ्या यॉर्कशायर जातीचीं, अठ्ठाविसाव्या दिवशीं आईपासून तोडलेलीं. शेडच्या कर्जाचा पहिला हप्ता त्यांच्यावरच अवलंबून होता. डुकराचें नांव काढतांच नाक मुरडणाऱ्यांनीं हा हप्ता ध्यानांत घ्यावा.

हाडें बळकट व्हावींत म्हणून त्यानें मक्याच्या भरड्यांत चुनखडीची भुकटी मुठीनें घातली होती. तिसऱ्या दिवशीं हगवण लागली. पशुवैद्य आले, त्यांनीं प्रथम एक लिंबू मागितलें व तें भुकटीवर पिळलें. भुकटी फसफसली आणि लिंबाचा आंबटपणा गेला. पिलांच्या जठरांतहि हेंच घडत होतें.

आईच्या दुधांतील साखर आंबून जठर आंबट राहतें. दूध तुटलें कीं तो आधार जातो, आणि पिलाचा स्वतःचा आम्लरस पुरेसा सुटूं लागण्यास कांहीं आठवडे जातात. ह्या आम्लानेंच रोगजंतु मरतात व पेप्सिन प्रथिनें पचवितें. चुनखडीनें तेंच मारलें म्हणजे न पचलेलें अन्न आंतड्यांत उतरतें, जंतूंचें फावतें, हगवण लागते. शिंपल्यांची किंवा अंड्याच्या कवचांची पूड घातली तरी द्रव्य तेंच. खाण्याचा चुना तर त्याहून तीव्र.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून हिशेब मांडल्यावांचून राहवत नाहीं. दहा किलो वजनाचें पिलूं दिवसास अर्धा किलो खातें. खुराकांत कॅल्शियम शेंकडा ०.८ असावें, असें अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचें २०१२ सालचें प्रमाण आहे. म्हणजे रोज चार ग्रॅम. अर्धा किलो मक्यांत एक दशांश ग्रॅमहि नसतें, तेव्हां पुरवणी हवीच. नाहींतर पाय वांकतात. चुनखडींत शेंकडा ३८ कॅल्शियम धरलें तर साडेदहा ग्रॅम भुकटी पुरे. शेजाऱ्याच्या मुठी आम्हीं तराजूंत घातल्या, त्या पिलामागें तीस ग्रॅम भरल्या!

अतिरेकाचा आणखी एक तोटा आहे. धान्यांतील जस्त त्यामुळें अंगीं लागत नाहीं व कातडीवर खपल्या धरतात. टकर व सॅमन यांनीं १९५५ सालीं अमेरिकेंत हें दाखविलें. उलट, हगवणीवर झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रा देण्यास युरोपीय संघानें २०२२ सालीं बंदी केली. तेव्हां खुराकच सुधारला पाहिजे.

पशुवैद्यांच्या सांगण्यावरून पुढच्या वेतास दूध तोडल्यावर पहिले दोन आठवडे चुनखडी बंद ठेवली. कॅल्शियम थोडें कमीच, तेंहि डायकॅल्शियम फॉस्फेट व कॅल्शियम फॉर्मेट यांतून. हीं आम्लास इतकीं खात नाहींत. शिवाय आपल्या शाहुवाडी तालुक्यांत घरोघरीं असणारी नाचणी. अर्धा किलो नाचणींत पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम असतें, पण सगळेंच अंगीं लागत नाहीं. आंबवून आंबील केली तर अधिक उतरतें आणि आंबटपणाहि मिळतो. लिटरभर दुधांत सव्वा ग्रॅम असतें. पाणी न घातलेल्या ताकांतहि जवळजवळ तितकेंच. भांडीं मात्र रोज धुवावींत. शिळ्या आंबिलींत बुरशी धरते.

मार्गशीर्षांत तोडलेल्या नऊ पिलांपैकीं एक गेलें, तें थंडीनें. चुनखडीचें पोतें मोठ्या डुकरांच्या खुराकांत, आतां मापून, संपत आलें आहे.