दुकान कंपनीचे, सही आपली

मॉरिशसमध्ये आपल्यापैकी पुष्कळजण स्वतःच्या नावावरच दुकान चालवतो. अशा वेळी कायदा दुकान आणि मालक वेगळे मानत नाही. धंद्याचे देणे थकले तर राहते घरही जाऊ शकते. २००१ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नोंदलेली कंपनी मात्र मालकाहून वेगळी व्यक्ती ठरते. तिचे कर्ज तिचेच. "मग आपण सुटलो!" असे वाटते, आणि इथेच आपण फसतो. बँक कर्ज देताना बहुधा मालकाची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली की कंपनीची ढाल गेली. मेहुण्यासाठी भिडेखातर सही करणाऱ्यालाही हेच लागू. तेव्हा सहीपूर्वी दोन गोष्टी विचारू या: हमी किती रुपयांची आणि किती मुदतीची? उत्तर कागदावरच लिहून घेऊ या.