विद्यापीठाचे शहर आणि सोबतीचे गाव

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. फोर्ट व कालिना येथे त्याची संकुले असून संलग्न महाविद्यालये थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरली आहेत. नाटके, व्याख्याने, ग्रंथालये यांना महानगरात तोटा नाही. मात्र तास संपताच वर्ग लोकलच्या निरनिराळ्या मार्गांनी पांगतो. विरारचा विद्यार्थी डोंबिवलीच्या मित्राला वर्गाबाहेर क्वचितच भेटतो.

भिलाईचे चित्र निराळे. १९५५ नंतर पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या या नगरीत अनेक प्रांतांतील कुटुंबे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. वैशाली नगरात तर शासकीय महाविद्यालय वस्तीतच आहे. वर्गातील सोबती संध्याकाळी बाजारात भेटतो, त्याचे वडील ओळखीचे निघतात आणि मैत्री घरापर्यंत पोहोचते. वेगळ्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याला मात्र हीच ओळख जाचक ठरते. महानगरातील अनोळखीपणा त्याला मोकळीक देतो.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी भिलाईमुळे आता दूरदूरची मुलेही या परिसरात शिकावयास येतात. शैक्षणिक कर्जाच्या अर्जात शुल्क, वसतिगृह व पुस्तके यांचा हिशेब असतो. आपल्या पाल्याला मोकळीक मानवेल की सोबत, हा प्रश्न मात्र अर्ज भरण्यापूर्वी घरीच विचारावयास हवा.