फोन उचलणारी बाजू
(लेखमाला ‘तांब्याच्या तारेतून’ : भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण फोन लावणारा मोडेम पाहिला. आज तारेच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. तिथल्या यंत्राला फोन येतो. त्याने तो उचलायचा, समोरचा कोण आहे ते तपासायचं, त्याला आपल्या नेटवर्कमध्ये घ्यायचं आणि काम झालं की फोन ठेवायचा. यात अवघड काय असेल, तर बहुतेकांना पासवर्ड तपासणं वाटतं. प्रत्यक्षात डायल-अप सर्व्हर अडतो तो फोन उचलण्यात आणि ठेवण्यात, त्यातही ठेवण्यात जास्त.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हा मालाडच्या ग्राहकाचा फोन एमटीएनएलच्या एक्स्चेंजांमधून फोर्टमध्ये निगमकडे जायचा. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत ५०० तास मिळत, पण फक्त अक्षरांचे. चित्रं दिसणारं टीसीपी-आयपी खातं १५,००० रुपयांना होतं. पैसे भरूनही पहिले काही महिने लोकांच्या कानी पडला तो मुख्यतः एंगेज टोन. मोडेम कमी आणि फोन लावणारे जास्त. तयारी अपुरी पडली हे निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी जाहीरपणे मान्य केलं होतं.

किती लाइनी हव्यात, याचं गणित मात्र तेव्हाही जुनंच होतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एरलांग या गणितज्ञाने ते १९१७ मध्येच मांडलं होतं. गर्दीच्या तासात प्रत्येक ग्राहक सरासरी पाव तास लाइन धरतो आणि शंभरातला एकच फोन परत जावा, असं धरू. दहा लाइनींवर साधारण १८ ग्राहक निभावतात. तीस लाइनींवर किती? ५४ नव्हे, सुमारे ८०. लाइनी तिप्पट झाल्या, तर ग्राहक चौपटीहून जास्त सामावतात, कारण लाइनी जितक्या अधिक तितकी एखादी तरी मोकळी असण्याची शक्यता अधिक. म्हणूनच मोडेमचे छोटे छोटे गट ठेवण्यापेक्षा सगळे एका नंबरामागे ठेवणं फायद्याचं.

आता मालाडमध्येच येऊ. समजा, १९९८ साल आहे. मालाड पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत घाऊक व्यापाऱ्याची कचेरी आहे आणि वसईला त्याचं गोदाम. गोदामातल्या माणसाने रोज संध्याकाळी मालाडच्या कॉम्प्युटरला फोन लावून दिवसभराचा साठा चढवायचा. कचेरीत सर्व्हर विंडोज एनटीचा असेल, तर त्यात रिमोट ॲक्सेस सर्व्हिस आधीपासून असते आणि कागदोपत्री ती २५६ जोडण्या घेते; साधं विंडोज ९८ एकच घेतं. लिनक्स असेल, तर एमगेटी नावाचा प्रोग्राम सीरियल पोर्टवर पहारा देतो आणि आलेला फोन नेटवर्कशी जोडून देणाऱ्या पीपीपीच्या हवाली करतो. प्रत्येक लाइनसाठी एक आयपी पत्ता राखून ठेवायचा, वापरणाऱ्यांची नावं भरायची. एवढं कुठल्याही पुस्तकात सापडतं, म्हणून मी त्यात जास्त रेंगाळत नाही.

मोडेमकडे मात्र नीट बघायला हवं. फोन आपोआप उचलायचा की नाही, हे त्याच्या एस-शून्य या रजिस्टरमध्ये ठरतं. तिथे शून्य असेल तर घंटी कितीही वाजो, मोडेम ढिम्म. एक लिहिलं की पहिल्याच घंटीला तो उचलतो आणि पुढच्या पट्टीवर ‘एए’चा दिवा लागतो. हे झालं की पुष्कळ जण काम संपलं असं समजतात.

मग पहिली गडबड होते ती अशी. लॉगिन प्रोग्राम रिकाम्या लाइनवर ‘लॉगिन’ असा शब्द पाठवतो. पलीकडे कोणीच नसल्यामुळे मोडेम तो शब्द परत पाठवतो किंवा आज्ञा समजून ‘एरर’ असं उत्तर देतो. प्रोग्रामला वाटतं, कोणीतरी आपलं नाव सांगितलं. तो पासवर्ड मागतो. पुन्हा तेच. दोघं रात्रभर एकमेकांशी बोलत राहतात आणि सकाळी लॉगची फाइल फुगलेली असते. मोडेमचा एको आणि त्याची उत्तरं बंद केली, की हे थांबतं. एमगेटीसारखा प्रोग्राम असेल तर ही वेळच येत नाही, कारण फोन येऊन जोडणी होईपर्यंत तो लॉगिनचा शब्द पाठवतच नाही.

दुसरी गोष्ट केबलची, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात हीच सर्वांत महत्त्वाची. कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या सीरियल केबलमध्ये पाठवण्याची, घेण्याची आणि अर्थिंगची अशा तीन तारा असल्या तरी अक्षरं जातात-येतात. बाजारात अशा स्वस्त केबली मिळायच्या. पण त्यात आणखी दोन तारा लागतात. एका तारेवरून मोडेम सांगतो की पलीकडचा सूर अजून ऐकू येतोय, म्हणजे कॅरियर आहे. दुसरीवरून कॉम्प्युटर सांगतो की मी तयार आहे. हा इशारा बंद झाला की मोडेमने फोन ठेवायचा. या तारा नसल्या किंवा मोडेमला त्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलेलं असलं, की वसईच्या माणसाची लाइन मध्येच तुटल्याचं मालाडच्या कॉम्प्युटरला कळतच नाही. लॉगिन-शेलची व्यवस्था असेल तर त्याचं काम तसंच उघडं पडून राहतं. पाच मिनिटांनी दुसऱ्याच कोणाचा फोन येतो, मोडेम उचलतो आणि तो माणूस पासवर्ड न देता थेट पहिल्याच्या खात्यात उतरतो. आठ अक्षरी अवघड पासवर्ड ठेवून उपयोग काय, दारच लागलेलं नसेल तर? म्हणून नवीन सर्व्हर बसवल्यावर करायची पहिली चाचणी ही: लॉगिन करायचं, फोनची वायर भिंतीतल्या डबीतून उपटायची, परत लावायची आणि पुन्हा फोन करायचा. पासवर्ड विचारला गेला नाही, तर सर्व्हर लोकांसाठी खुला करू नये.

तिसरी गडबड एकापेक्षा जास्त लाइनी असल्यावर होते. एमटीएनएलकडून हंटिंग घेतलं की सगळ्यांना एकच नंबर सांगायचा; पहिली लाइन एंगेज असेल तर एक्स्चेंज फोन दुसरीवर टाकतं, मग तिसरीवर. चार लाइनींपैकी पहिल्याच लाइनचा मोडेम बंद पडला, असं समजा. एक्स्चेंजच्या दृष्टीने ती लाइन एंगेज नाही, मोकळी आहे. त्यामुळे येणारा प्रत्येक फोन तिच्यावरच जातो, घंटी वाजत राहते आणि कोणी उचलत नाही. उरलेले तीन मोडेम धडधाकट असूनही रिकामे. गोदामातला माणूस कळवतो की सर्व्हर बंद आहे. इकडे पाहावं तर सर्व्हर चालू. तात्पुरता उपाय सोपा आहे: त्या लाइनला साधा फोन जोडून रिसीव्हर बाजूला काढून ठेवायचा. लाइन एंगेज होते आणि फोन पुढे सरकायला लागतात. मोडेम वीज गेल्यावर परत येताना आपल्या सेटिंग्ज विसरतात, तेव्हाही नेमकं हेच होतं. त्यामुळे सेटिंग्ज मोडेमच्या कायमच्या स्मृतीत लिहून ठेवणं आणि सर्व्हर सुरू होताना त्या पुन्हा पाठवणं, दोन्ही करावं.

वेगाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. १९९८ मध्ये व्ही.९० हे मानक आलं आणि दुकानांत ‘५६ के’ लिहिलेले खोके दिसू लागले. असे दोन मोडेम घेऊन मालाड आणि वसई जोडलं, तर ५६ मिळेल का? नाही. फार तर ३३.६. व्ही.९० साठी सर्व्हरची बाजू एक्स्चेंजशी डिजिटल जोडलेली असावी लागते. इंटरनेट कंपन्या त्यासाठी ई-वन जोडणी घेत; तिच्यात ६४ किलोबिटच्या ३० लाइनी येतात. आपल्या कचेरीतला आवाज साध्या तारेने एक्स्चेंजला जाऊन तिथे आकड्यांत बदलतो आणि त्या बदलात थोडा अपभ्रंश होतोच. तोच वेगाला अडवतो.

पावसाळ्यात तर ३३.६ चाही हट्ट धरू नये. केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की लाइनवर खरखर येते आणि दोन्ही मोडेम दर काही मिनिटांनी थांबून एकमेकांचा सूर पुन्हा जुळवतात. तेवढा वेळ एक अक्षरही पुढे जात नाही. जून लागला की कमाल वेग १४.४ वर बांधून टाकावा. आकडा लहान दिसतो, पण फाइल आधी पोचते.

ओळख पटवताना पॅप आणि चॅप असे दोन मार्ग असतात. पॅपमध्ये पासवर्ड उघडा जातो, चॅपमध्ये जात नाही, चॅपच निवडावा. पण वसईच्या गोदामासाठी त्याहून चांगली सोय म्हणजे कॉलबॅक. वसईचा कोड ०२५०, त्यामुळे मालाडला लावलेला फोन एसटीडीचा. सर्व्हर नाव-पासवर्ड तपासतो, फोन ठेवतो आणि आधी नोंदवून ठेवलेल्या गोदामाच्याच नंबरला स्वतः उलटा फोन करतो. चोरलेला पासवर्ड दुसऱ्या ठिकाणाहून वापरणाऱ्याला काही मिळत नाही आणि लांब वेळेचं बिल मालाडच्या कचेरीच्या नावावर येतं, म्हणजे हिशेब एकाच जागी राहतो. मात्र यासाठी मोडेमने पहिला फोन नक्की ठेवलेला असायला हवा. केबलमधल्या त्या दोन तारा इथेही लागतात.

बराच वेळ काहीच हालचाल नसेल तर लाइन तोडण्याची मुदत एनटीमध्ये मुळात २० मिनिटांची असते. दोनच लाइनींच्या कचेरीला ती फार झाली, पाच पुरेत. रात्री रॉंग नंबर लागला तरी मोडेम सूर काढत सुमारे ५० सेकंद वाट पाहतो. ती मुदत कमी करायचा मोह होतो, पण खराब लाइनवर सूर जुळायला अर्धं मिनिट सहज लागतं, म्हणून तिला हात लावू नये.

हे सगळं केवळ इंटरनेटपुरतं नव्हतं. मालाडच्या लिंक रोडवर २००४ मध्ये इनऑर्बिट मॉल उघडला त्या काळात दुकानदारांकडची कार्ड घासायची पुष्कळ यंत्रं प्रत्येक खरेदीला बँकेच्या अशाच सर्व्हरला फोन लावत. तिथे वेगाला किंमत नव्हती, कारण जाणारी माहिती मूठभर असते. किंमत होती ती चटकन उचलण्याला आणि चटकन ठेवण्याला. म्हणून अशी यंत्रं बरेचदा मुद्दाम १२०० किंवा २४०० च्या जुन्या, संथ मानकावर चालवत. वेगवान मोडेमचा सूर जुळेपर्यंत यांचा व्यवहार उरकलेला असे. पुढच्या आठवड्यात या यंत्रांचं आतलं काम पाहू.