कारखान्यात बोटं गेली तर भरपाई किती? हिशेब समजून घ्या

शिरूर/दौंड : रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमाच्या शेडमध्ये पॉवर प्रेसखाली बोट सापडतं. कुरकुंभला केमिकल अंगावर उडतं. केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना हात आत ओढला जातो. अशा वेळी बऱ्याचदा मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर थोडी रक्कम हातावर ठेवतो आणि "आपसात मिटलं" असं लिहून घेतो. घरच्यांना वाटतं, चला, मालक चांगला निघाला. कायद्याने किती मिळायला हवं होतं, हे कुणी मोजतच नाही.

मोजायच्या आधी एक गोष्ट बघा : तुम्ही ईएसआयमध्ये येता का? दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर भरपाई ईएसआय देते, मालकाकडे वेगळी मागता येत नाही. त्यांचं मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि सरासरी रोजाच्या ९० टक्क्यांवर तेवढा हिस्सा आयुष्यभर मिळतो. रोज ६०० रुपये आणि नुकसान २० टक्के, तर दिवसाला १०८ रुपये. अपघातासाठी आधी अमुक दिवस हप्ता भरलेला असावा अशी अट नाही. कालच कामाला लागलात तरी हक्क आहेच.

ईएसआय नसेल तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. हे दोन्ही कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले, पण मोजायची मूळ रीत तीच आहे. पगाराचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाच्या आकड्याने गुणायचं आणि जेवढं अपंगत्व तेवढे टक्के काढायचे. पगार कितीही असला तरी हिशेबाला १५ हजारच धरतात, २०२० पासून ही मर्यादा आहे.

समजा, शिक्रापूरजवळच्या सहा माणसांच्या शेडमध्ये ३० वर्षांच्या पोराची एका हाताची दोन बोटं गेली. पगार १८ हजार. १५ हजारांचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८. गुणाकार १८ लाख ७१ हजार ८२०. दोन बोटांना २० टक्के, म्हणजे ३ लाख ७४ हजार ३६४ रुपये. आता हातावर ठेवलेल्या रकमेशी ताडून बघा.

टक्क्यांची यादी कायद्यातच आहे. पूर्ण अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, एका हाताची तीन बोटं ३०, चारही ५०, अंगठ्यासकट पाचही ६०. दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची नजर गेली तर ३०. यादीत नसलेल्या दुखापतीला डॉक्टर कमाईचं नुकसान ठरवतात, म्हणून दाखल्यावर टक्का लिहून घ्या. नुसतं "फ्रॅक्चर" लिहिलेल्या कागदाचा फार उपयोग नाही.

यादीतला टक्का म्हणजे शेवटचा शब्द, असंही नाही. ओडिशातल्या जेपूरला सिनेमागृहात काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून त्याचं नुकसान १०० टक्के धरलं गेलं आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तुमचं काम कोणतं होतं, यावर बरंच काही ठरतं ते असं.

"चूक तुझीच" हे उत्तर तर सगळीकडे ऐकायला मिळतं. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारू पिऊन काम केलं किंवा मुद्दाम मशीनचं गार्ड काढलं असेल तर गोष्ट वेगळी. ठेकेदाराचा माणूस असलात तरी मुख्य मालकाकडे मागता येतं. दवाखान्याचा खर्च भरपाईत धरायचा नसतो, तो वेगळा. आणि "मिटलं" लिहून दिलं असेल तरी घाबरू नका. हक्क सोडल्याचा करार चालत नाही. तडजोड आयुक्तांकडे नोंदवायला पाठवली नसेल तर मालकाला पूर्ण रक्कम द्यावी लागते, आणि आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर आधी दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त वजा करता येत नाहीत.

खरी अडचण पुराव्याची. रोख १८ हजार आणि पावतीवर ९ हजार, ही आपल्याकडची जुनी रीत. हिशेबाला पावती आली की भरपाई कमी होते. पगार बँकेत मागा. नाहीच जमलं तर हजेरीचे फोटो, पगाराचे मेसेज, सोबत्यांचे नंबर जपून ठेवा. अपघाताच्या दिवशीच मालकाला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. दवाखान्यात "घरी पडलो" असं सांगू नका, तिथल्या नोंदीत तेच राहतं.

१९२३ च्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, उशिराला सबळ कारण असेल तर सवलत मिळू शकते. मालकाने महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्ज कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे करायचा. कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम बघतात. मराठवाड्यातून किंवा परराज्यातून आलेला कामगार गावी परतला असेल तर तो राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडेही दावा लावू शकतो, त्यासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही.