जबाबदारी कोऑर्डिनेटरची, निर्णय दुसऱ्याचा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एखाद्या अभ्यासक्रमाचा कोऑर्डिनेटर काय काय करतो, याची यादी लवकर संपत नाही. वेळापत्रक, हजेरी, अंतर्गत गुण, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रे आणि पालकांचे फोन तर होतेच. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटचा नवा हिशेब आला आणि २०२४पासून राज्यभराच्या प्रवेशांसाठी जीकॅस पोर्टल. हे सारे वर्ग सांभाळून. साहजिकच या शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याचा विषय निघाला की कामाच्या ढिगाकडे बोट दाखवले जाते. मला मात्र ढिगापेक्षा अधिकाराचा अभाव जास्त घातक वाटतो. संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांची माहिती तपासून १९७९मध्ये हेच मांडले होते: काम जड आणि निर्णयाची मोकळीक कमी, अशा जागी मनावरचा ताण सर्वाधिक, तेवढेच जड काम मोकळीक असलेल्याला तितके पोखरत नाही. कोऑर्डिनेटर पहिल्या गटातला. रिकामी जागा त्याला भरता येत नाही. गुण द्यायला उशीर करणारा सहकारी बहुधा त्याच्या बरोबरीचा किंवा ज्येष्ठ, म्हणजे हुकूम नाही, विनवणीच. पोर्टल अडले तर दुरुस्ती दुसऱ्यांच्या हाती, पण विद्यार्थ्याचा संताप त्याच्याच टेबलावर. त्यातच २०२३च्या विद्यापीठ कायद्याने सेनेट-सिंडिकेट जाऊन व्यवस्थापन मंडळ आले. जुनी सेनेट धुतल्या तांदळासारखी होती असे कुणी म्हणणार नाही. तरी निवडून आलेल्या प्रतिनिधीकडे गाऱ्हाणे नेता येत होते.

यावर सांगितले जाते की प्राध्यापकांना सुट्ट्या भरपूर आणि या पदाचा बढतीला उपयोगही होतो. उपयोग होतो, खरे आहे. पण उन्हाळ्याची सुट्टी नेमकी प्रवेशांच्या धामधुमीत येते, आणि बढतीच्या आशेने घेतलेले पद मध्येच सोडणेही अवघड. समुपदेशक नेमा, हा दुसरा उपाय. गरजूला तो मिळायलाच हवा. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. मग इलाजही कामाच्या मांडणीतच शोधावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांत प्रशासन सांभाळणाऱ्या प्राध्यापकाला आठवड्याला दोन तासांची सवलत होती. सोळा तास शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकाचा त्या सवलतीत उल्लेखही नव्हता. कोऑर्डिनेटरच्या नेमणूकपत्रात कमी केलेले तास, पदाची मुदत आणि सहीचे अधिकार लिहून द्यायला विद्यापीठाला फारसा खर्च येणार नाही.